दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगचा पत्ता पेपरात छापा

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात छोट्या जाहिरातींच्या पानावर "पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा" अशी जाहिरात जवळपास रोज असते. पावडर चहात टाका, वरणात टाका, चव नाही वास नाही, घरपोच मिळेल, आणि खाली मोबाईल नंबर. त्याच शहरात संध्याकाळी कुठल्या ना कुठल्या शाळेत नाहीतर चर्चच्या हॉलमध्ये दारू सोडलेल्या आणि सोडू बघणाऱ्या माणसांची मीटिंग भरते, एक पैसा फी नाही, आडनाव सांगावं लागत नाही, कुणीही जाऊन बसावं. तिचा पत्ता मात्र मी इतकी वर्षं पेपर वाचतेय पण कधी छापलेला बघितला नाही. माझी मागणी एवढीच आहे की अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, ज्याला सगळे ए.ए. म्हणतात, त्यांच्या मीटिंगा आपल्या शहरात कुठे, कोणत्या वारी, किती वाजता असतात ते आठवड्यातून एकदा छापा. व्याख्यानमाला, रक्तदान शिबिर, वधूवर मेळावा यांचं छापता तसंच.

पत्र लांबणार आहे, तुम्हाला हवं तिथे कापा, पण ही मागणी तेवढी राहू द्या.

माझा धाकटा भाऊ प्यायचा. त्याला विचारून लिहितेय, "लिही ताई, फक्त नाव नको" म्हणाला. अंबड एमआयडीसीत कंपनीत आहे, शिफ्ट ड्यूटी, कामाला चोख, त्यामुळे बाहेर कुणाला कळायचं नाही आणि घरात सगळ्यांना माहीत असून कुणी बोलायचं नाही. आणि आमच्याकडे एक मोठा गैरसमज होता जो मला वाटतं अर्ध्या महाराष्ट्रात आहे, तो म्हणजे हा श्रावण कडक पाळतो मग हा बेवडा कसा? गटारीला पोटभर प्यायची, मग महिनाभर थेंब नाही, घरी आई खूश, हा पण खूश की बघा मला सोडता येते, आणि श्रावण संपला की पहिल्यापेक्षा जास्त. गावी आमच्या चुलत्यांनी पंढरपूरला जाऊन माळ घातली आणि त्यांची खरंच सुटली, त्यामुळे याला पण माळ घाला, देवाची शपथ घाला, पोराच्या डोक्यावर हात ठेवायला लावा हे सगळं झालं. माळेबद्दल मला पूर्ण आदर आहे, तिच्यामुळे कितीतरी घरं वाचली आहेत, पण ज्याची शपथ मोडते त्याचं पुढे काय हे कुणी सांगत नाही. शपथ मोडली की माणूस दारूडा तर होताच, आता देवाशी खोटं बोललेला पण झाला, आणि त्या लाजेनेच तो आणखी पितो. महिनाभर न पिणं त्याला जमतच होतं, एकतिसाव्या दिवशी काय करायचं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं, हे मला खूप उशिरा मीटिंगमध्ये बसल्यावर समजलं.

आता शोधण्याबद्दल, कारण हे पत्र त्यासाठीच आहे. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी लिव्हरच्या गोळ्या दिल्या आणि अ‍ॅडमिट करा म्हणाले, कुठे ते नाही सांगितलं. मोबाईलवर सर्च केलं तर वरती सगळी पैसे भरून दिलेली सेंटरची नावं, फोन लावला की लगेच "मॅडम आम्ही गाडी पाठवतो, रात्री पण उचलतो, पेशंटची तयारी नसली तरी चालेल, तीन महिन्यांचं पॅकेज". वहिनी तर अ‍ॅडव्हान्स भरायला निघाली होती. मी अडवलं कारण मला ते "उचलतो" खटकलं, माणूस आहे, चोर नाही. नंतर कळलं की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूच्या व्यसनातून होणारे मानसिक आजार पण येतात आणि त्या कायद्याने पेशंटला हक्क दिले आहेत, असं कुणीही गाडी घेऊन येऊन शुद्धीवरच्या माणसाला उचलून कोंडू शकत नाही.

शेवटी 14446 या सरकारच्या नशामुक्ती हेल्पलाईनला फोन केला, टोल फ्री आहे, तिथल्या माणसाने आधी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला सिव्हिलच्या मानसोपचार ओपीडीला जा. गेलो. तिथे जी समुपदेशक होती तिने डॉक्टरांचं सगळं झाल्यावर केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर पेनाने एका शाळेचं नाव, वार आणि वेळ लिहून दिली, म्हणाली गोळ्या दहा-बारा दिवस चालतील, हे पुढे आयुष्यभर चालवा. तो कागद वहिनीने अजून ठेवलाय. तर सांगायचं हे की डॉक्टर, इंटरनेट, सेंटर, हेल्पलाईन, सिव्हिल एवढं फिरल्यावर दोन ओळींचा पत्ता हातात पडला. ज्याच्या घरी हे फिरायला कुणी नाही त्याने काय करायचं?

इथे मध्येच एक गोष्ट सांगते ती कापू नका. जो माणूस वर्षानुवर्षं रोज भरपूर पितो त्याने कुणाच्या सांगण्यावरून एकदम घरच्या घरी बंद करू नये. शेवटच्या पेगनंतर साधारण 6 ते 48 तासांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास व्हायला लागतात, घाम, ताप, कुठे आहोत तेच कळत नाही, त्याला डॉक्टर डीटी म्हणतात आणि त्यात माणूस दगावू शकतो. यासाठी औषधं आहेत, बी-वन जीवनसत्त्व देतात, सरकारी दवाखान्यात पण मिळतात. मीटिंग हा डॉक्टरांना पर्याय नाही आणि मीटिंगमधले लोक हे स्वतःच सांगतात, हात थरथरत असलेला नवीन माणूस आला की आधी दवाखान्यात पाठवतात.

आणि त्या पावडरींबद्दल. दारू सोडवायला डायसल्फिराम नावाचं खरं औषध आहे, पण ते घेतलेल्या माणसाने दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या, छातीत धडधड, बीपी एकदम खाली, जीवावर बेतू शकतं, म्हणून ते डॉक्टर पेशंटला समजावून, त्याच्या संमतीनेच देतात. आता जाहिरातीतल्या पुडीत काय आहे ते विकणाऱ्यालाच माहीत, तसलंच काही असलं आणि बायकोने ते वरणात कालवलं आणि नवरा नेहमीप्रमाणे बारमधून पिऊन आला तर? आणि समजा त्यात नुसता पाला असला तरी ज्याला माहीतच नाही की आपण सोडतोय तो सोडणार कसा. साहेब, ही जाहिरात तुम्ही बंद करा असं म्हणायचा मला हक्क आहे की नाही माहीत नाही, पण मी म्हणतेय.

आता मीटिंग. पहिल्या दिवशी मी बरोबर गेले होते. ओपन मीटिंग असेल तर घरच्यांना बसता येतं, क्लोज्ड असेल तर फक्त ज्यांना दारूचा प्रॉब्लेम आहे तेच. शाळेचं मेन गेट बंद, बोर्ड नाही, भाऊ म्हणाला चल परत जाऊ, तेवढ्यात वॉचमन म्हणाला "मीटिंगला ना? मागच्या बाजूने." तिसरीचा वर्ग होता. भिंतीवर बाराखडीचा तक्ता, पाढे, आणि त्या लहान मुलांच्या बाकांवर पन्नास-साठीचे बाप्ये गुडघे छातीशी घेऊन बसलेले. कुणी कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये, कुणी इस्त्रीच्या शर्टात, एक अगदी कोवळा पोरगा. टेबलावर कापड, त्यावर वर्तुळात त्रिकोण, बाजूला किटलीत चहा. मला वाटलं होतं भाषण असेल, कुणी डॉक्टर किंवा महाराज येतील. तसं कुणी नसतं. त्यांच्यातलाच एकजण चेअरला बसतो, सुरुवातीचं वाचन होतं, मग एकेक जण उठून "मी अमुक, मी मद्यपी आहे" म्हणतो, सगळे त्याला नावाने नमस्कार करतात आणि तो बोलतो. मध्ये कुणी तोडत नाही, सल्ला देत नाही, असं कर तसं कर नाही. ज्याला बोलायचं नाही तो नुसतं नाव सांगून बसतो. भाऊ पहिल्या वेळी नावच सांगून बसला. शेवटी जे अजून पितायत त्यांच्यासाठी थोडा वेळ शांत उभं राहतात, मग प्रार्थना, की जे बदलता येत नाही ते स्वीकारायची ताकद दे, जे बदलता येतं ते बदलायची हिंमत दे आणि दोन्हीतला फरक कळू दे, अशा अर्थाची.

तिथे कोण काय बोललं ते मी लिहिणार नाही. तिथे ऐकलेलं तिथेच ठेवायचं हा नियम आहे आणि माझ्या भावाचा जीव त्या नियमावर टिकलाय. त्याचं स्वतःचं तेवढं सांगते, त्याच्या परवानगीने. चहाच्या वेळी एका वयस्कर माणसाने त्याला विचारलं तुझा सगळ्यात अवघड टाईम कोणता. हा म्हणाला फर्स्ट शिफ्ट सुटली की, साडेतीन ते साडेचार, कारण गेट ते घर या रस्त्यावर वाईन शॉप आहे आणि बरोबरची पोरं पण तिथेच वळतात. तो म्हणाला मग साडेतीनला मला फोन लाव आणि घराचं कुलूप उघडेपर्यंत ठेवू नको. कितीतरी दिवस हा कानात इयरफोन घालून त्या माणसाशी बोलत घरी यायचा, काय बोलायचे तर क्रिकेट, भाजीचे भाव, काहीही. याच माणसाला मग त्याने आपला स्पॉन्सर केलं, म्हणजे ए.ए. च्या कार्यक्रमातल्या बारा पायऱ्या करताना हात धरणारा आपल्या आधीचा कुणीतरी. आयुष्यभर पिणार नाही अशी शपथ तिथे कुणी घालत नाही, आजचा दिवस नाही प्यायची, पहिला पेग नाही घ्यायचा, उद्याचं उद्या. आमच्या घरात इतक्या शपथा झाल्या होत्या की हे ऐकून मला रडूच आलं.

मध्ये एकदा त्याची स्लिप झाली, म्हणजे परत प्यायला. भाच्याच्या लग्नात. पुढच्या मीटिंगला जायला लाजत होता, मी म्हटलं जा, गेला, आणि तिथे एकाने पण "अरे काय हे" म्हटलं नाही. परत आलास ना, बस, चहा घे. हे घरातल्यांना जमत नाही साहेब, मला जमलं नसतं, आम्ही खूप दुखावलेले असतो. ते त्यालाच जमतं जो स्वतः तिथून आलाय. मला विचाराल तर त्या खोलीतली खरी ताकद हीच आहे.

वहिनीचा भाऊ इंजिनिअर आहे, तो म्हणाला हे सगळं भावनिक आहे, पुरावा काय. तर 2020 साली कॉक्रेन नावाच्या, जगभरच्या वैद्यकीय अभ्यासांची छाननी करणाऱ्या संस्थेने ए.ए. बद्दलचे 27 अभ्यास, दहा हजारांवर माणसं, एकत्र तपासली. पेशंटला पद्धतशीरपणे ए.ए. कडे वळवणारे उपचार दारूपासून पूर्ण लांब राहण्याच्या बाबतीत इतर मानसोपचारांपेक्षा जास्त उपयोगी ठरतात असं त्यात दिसलं आणि खर्च पण कमी येतो. सगळ्यांनाच लागू पडतं असं नाही, काहींना समुपदेशन पुरतं, काहींना औषध, काहींना सगळंच लागतं. पण जे फुकट आहे, आपल्या शहरात आहे आणि काम करतं ते लोकांना माहीत तरी असावं ना.

किती लोकांना माहीत नाही याचा अंदाज एका आकड्यावरून येतो. 2019 मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने एम्सकडून केलेल्या देशभरच्या सर्व्हेचा रिपोर्ट आला, त्यात दारूवाचून राहू न शकणारे जवळपास 2 कोटी 90 लाख लोक देशात आहेत आणि त्यांच्यातल्या 38 मधल्या फक्त एकाला कसली तरी मदत मिळते असं आहे. बाकीचे सदतीस कुठे आहेत? आपल्या गल्लीत आहेत, तुमचा पेपर वाचतायत.

आता तुम्ही म्हणाल ए.ए. म्हणजे गुप्त लोक, त्यांना छापलेलं चालेल का. मला पण हीच शंका होती म्हणून भावाला जुन्या मेंबरांना विचारायला लावलं. ते म्हणाले गुप्तता माणसाची आहे, मीटिंगची नाही. त्यांच्या बारा परंपरा, म्हणजे ग्रुपने पाळायचे नियम आहेत, त्यातली अकरावी तेच सांगते की पेपर, रेडिओ, सिनेमात मेंबरने आपलं नाव आणि फोटो येऊ द्यायचा नाही, स्वतःची टिमकी वाजवायची नाही. म्हणून भाऊ नाव नको म्हणाला, त्याला लाज वाटते म्हणून नाही. आणि जाहिरातबाजी ते स्वतः करत नाहीत म्हणूनच तर दुसऱ्या कुणीतरी पत्ता सांगायला पाहिजे.

आणि पेपरांचा यात जुना हात आहे, हे मला वाचून फार आवडलं म्हणून लिहिते. 1935 च्या मे महिन्यात न्यूयॉर्कचा बिल नावाचा शेअर दलाल अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी कामासाठी गेला होता, काम फिसकटलं, नुकतीच कुठे दारू सोडलेली, हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा, एका बाजूला बारमधून हसण्या-बोलण्याचे आवाज आणि दुसऱ्या बाजूला फोन, आणि तिथेच गावातल्या चर्चची यादी लावलेली. त्याने यादीतला एक नंबर फिरवला आणि मला एखाद्या दारूड्याशी बोलायचंय म्हणाला. त्यातून पुढे त्याची डॉक्टर बॉब नावाच्या सर्जनशी गाठ पडली, तो पण पिणारा. डॉक्टर बॉबने शेवटची दारू 10 जून 1935 ला घेतली, ए.ए. चा जन्म त्या दिवसापासून धरतात. म्हणजे भिंतीवर एक यादी लावलेली होती म्हणून हे सगळं घडलं. नंतर 1939 च्या ऑक्टोबरमध्ये क्लीव्हलँडच्या प्लेन डीलर पेपरने यांच्यावर लेखमाला छापली आणि तिथे मूठभर माणसांचे काही महिन्यांत शेकडो झाले. मार्च 1941 मध्ये सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट या साप्ताहिकात लेख आला, तोपर्यंत सगळे मिळून दोनेक हजार मेंबर होते, वर्ष संपताना आठ हजार. भारतात मुंबईत 1957 पासून आहे, म्हणजे साठ वर्षं उलटून गेली. तरी माझ्या वहिनीला पत्ता केसपेपरच्या मागे मिळतो.

महाराष्ट्राला व्यसनमुक्ती नवीन नाही. 1981 मध्ये वांद्र्याला फादर जो परेरांनी कृपा फाउंडेशन सुरू केलं, 1986 मध्ये पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी मुक्तांगण, पुलं आणि सुनीताबाईंच्या मदतीतून. आज मुक्तांगणचं नाव खेड्यापाड्यात माहीत आहे आणि त्याचा अभिमानच वाटतो. पण त्यामुळे लोकांच्या डोक्यात व्यसनमुक्ती म्हणजे अ‍ॅडमिट होणं एवढंच बसलंय, खरं तर तिथले लोक स्वतः घसा कोरडा करून सांगतात की 35 दिवसांनी घरी गेल्यावर खरं काम सुरू होतं, फॉलोअपला या, ग्रुपला जा. घरी आल्यावर तीच गल्ली, तोच पगाराचा दिवस, तेच मित्र. आणि कितीतरी जण असे आहेत ज्यांना महिनाभर सुट्टी मिळणारच नाही, रोजंदारीवाले आहेत, त्यांना संध्याकाळी दीड तास काढणं जमू शकतं.

बायकांबद्दल दोन गोष्टी. एक म्हणजे पिणाऱ्या बायका पण आहेत, त्या सर्व्हेत पुरुषांपेक्षा खूप कमी दिसतात पण ज्या आहेत त्या पुरुषांनी भरलेल्या खोलीत एकट्या पाऊल टाकणार नाहीत, त्यांच्यासाठी ऑनलाईन मीटिंगांची माहिती यादीत असावी, लॉकडाऊनपासून त्या पुष्कळ सुरू झाल्या, कॅमेरा बंद ठेवून पण बसता येतं. दुबई-मस्कतला असलेल्या आपल्या मुलांना पण त्याचा उपयोग आहे. दुसरं म्हणजे पिणाऱ्याच्या घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन नावाचे वेगळे ग्रुप असतात, 1951 पासून आहेत, बिलच्या बायकोनेच सुरुवात केली. वहिनी आधी तिथे जायला तयार नव्हती, पितो तो आणि मीटिंगला मी का. पण गेली. आधी ती रोज रात्री त्याच्या तोंडाचा वास घ्यायची, बॅगा तपासायची, सकाळी सुपरवायझरला फोन करून "यांना ताप आलाय" सांगायची. तिथे तिला पहिल्यांदा कुणीतरी सांगितलं की हे व्यसन तू लावलं नाहीस, तुला ते आवरता येणार नाही आणि बरं पण करता येणार नाही. दुसऱ्या दिवशी तिने तो तापाचा फोन केला नाही. त्याला वॉर्निंग लेटर मिळालं. आणि त्यानंतरच तो मीटिंगला नेमाने जायला लागला, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

जागेचं पण लिहिते. ए.ए. वाले बाहेरून देणगी घेतच नाहीत, सातवी परंपरा, मीटिंगमध्ये पिशवी फिरते त्यात मेंबर दहा-वीस टाकतात, नव्याला टाकू देत नाहीत, त्यातूनच चहा आणि खोलीचं भाडं. मध्ये एका शाळेने खोली काढून घेतली, पालकांची तक्रार की बेवडे येतात. साहेब, त्या खोलीत येणारे ते आहेत जे त्या संध्याकाळी प्यायलेले नाहीत. खोली झाडून, बाक सरळ लावून, बल्ब बंद करून जातात, मी बघितलंय. जागा बदलली आणि जुन्या पत्त्यावर आलेली माणसं कुलूप बघून गेली. त्यातला एखादा परत कधी हिंमत करेल सांगता येत नाही, म्हणून म्हणते की यादी छापायची तर दर महिन्याला ताजी करून छापा. आणि तुमचे वाचक शाळांचे मुख्याध्यापक असतील, वाचनालयांचे, मंदिरांचे, सोसायट्यांचे विश्वस्त असतील, त्यांना विनंती की आठवड्यात एक संध्याकाळ दीड तास एक खोली भाड्याने द्या. फुकट देऊ नका, ते घेणारच नाहीत.

यादी छापायला एक आठवडा मी सुचवते. आषाढ संपत आला की तुम्ही गटारीची बातमी देता, मटणाच्या दुकानापुढच्या रांगा, चिकनचे भाव. त्या बातमीच्या शेजारी मीटिंगची पहिली यादी येऊ द्या. त्या आठवड्यात हजारो घरांत "आता महिनाभर नाही" असं कुणीतरी म्हणणार आहे, ज्यांना श्रावण संपल्यावरची भीती वाटते त्यांनी ती कापून पाकिटात ठेवावी. खाली 14446 टाका, आणि टेलिमानसचा 14416 पण, तो मानसिक त्रासासाठी चोवीस तास चालू असतो. तसंच 31 डिसेंबरच्या आधी एकदा.

यादी कोण आणून देणार असं म्हणाल तर मी देते. भावाने ग्रुपच्या लोकांशी बोलून ठेवलंय, पत्ता, वार, वेळ, ओपन की क्लोज्ड, मराठी की हिंदी, सगळं लिहून दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या ऑफिसात आणून देईन, सिन्नर, निफाड, मालेगाव बाजूचं पण मिळालं तर घालेन. माझं नाव आणि फोन सोबत वेगळ्या कागदावर दिलाय, तो फक्त तुमच्यासाठी, छापू नये. कधी येऊ ते कळवा.

आपली,
एक वाचक, नाशिक